वाळवीने खाल्लेली चार पानं

मुकुंद सरांनी बत्तिसाव्या पेपरवर फुली मारली, आणि मग कशावर मारली ते वाचलं.

आधीच्या एकतीस पेपरांत वाचण्यासारखं काही नव्हतंच. पोरापोरींनी त्यांच्याच नोट्स त्यांनाच परत केल्या होत्या, कानामात्रेसकट. नागपूरपलीकडच्या सौसरच्या एका खासगी कॉलेजात जगातलं अभिजात साहित्य हा पेपर ते सव्वीस वर्षं शिकवत होते. ग्रीक नाटक, फारसी गझल, रशियन कादंबरी, चिनी कथा. अख्खं जग मिळून दोनशे पानी एक वही. नोट्स बदलत नव्हत्या, वह्यांचे मालक तेवढे बदलायचे. थोरलीची वही धाकटीकडे, मावशीची भाचीकडे.

प्रश्न चिनी कथेवरचा होता. नावाड्याची बायको भांडून घर सोडते, सात वर्षं मुलूखभर फिरते आणि एका संध्याकाळी गावासमोरच्या काठावर उभी राहून नवऱ्याला हाक मारते. पुढे नोट्समध्ये होतं : ‘नावाडी हाक ओळखतो, नाव घेऊन येतो आणि काहीही न विचारता तिला घरी नेतो.’

तृप्तीने लिहिलं होतं : ‘नाव येत नाही. ती सकाळपर्यंत उभी राहते आणि आल्या वाटेने निघून जाते.’

सरांना धक्काबिक्का बसला नाही. कधीतरी हे व्हायचंच होतं. ग्रंथालयातल्या त्या कथेच्या एकुलत्या एका प्रतीची शेवटची चार पानं वाळवीने खाल्ली होती. तेव्हा नोकरी नवी होती, वर्ग भरलेला होता, आणि हाकेपाशी येऊन ते थांबले तेव्हा पहिल्या बाकावरून कुणीतरी विचारलं होतं, “सर, मग?” माहीत नाही म्हणायला जीभ रेटली नाही. मनाला येईल ते त्यांनी सांगितलं, वर्गाने ते लिहून घेतलं. नागपूरला दुसरी प्रत शोधली, मिळाली नाही. पुढे शोधायचंही राहिलं. झाकली मूठ सव्वा लाखाची. येत्या मार्चला निवृत्ती होती. आणखी पाच महिने मूठ झाकलेली राहिली असती तर कुणाचं काय बिघडलं असतं?

त्यांनी शिपायाकरवी तृप्तीला बोलावलं.

“हे कुठून लिहिलं?”

“मोबाईलवर पूर्ण गोष्ट भेटली सर, हिंदीत.” ती दारातच उभी होती. “मी तुमची चूक नाही काढून राहिली. पण दोनदा वाचलं. नाव येतच नाही.”

“नाही येत,” सर म्हणाले. “मी शेवट वाचलाच नव्हता.”

तिने यावर हसावं किंवा चिडावं, असं त्यांना वाटलं. तिने पिशवीतून एक वही काढली. पुठ्ठा सुटलेला, वर नाव अर्चनाचं.

“ही आईची वही आहे सर. आई तुमच्याचजवळ शिकली. तवा ती बाबांशी भांडून मोहगावले माहेरी गेली होती. वर्ष झालं, लोधीखेड्याहून सासरचं कोणीच घ्याले आलं नाही. आणि घ्याले आल्याशिवाय बाई जात नसते ना सर. आजोबांनी तिचं नाव कॉलेजात टाकून देलं. तुमी ही गोष्ट शिकवली, त्या रविवारी ती एकटीच बसनं सासरी गेली. अंगणात उभं राहून बाबांले हाक मारली.”

“मग?” सरांनी विचारलं.

“बाबा आले ना. हातातली पिशवी घेतली. काहीच विचारलं नाही.” तृप्तीने वही मिटली. “पुढच्या वर्षी मी झाली. आता मले समजून नाही राहिलं, आईले हे सांगू का नको?”

सव्वीस वर्षांत इतका अवघड प्रश्न त्यांच्या पेपरात कधी आला नव्हता. नको सांगू, असं अगदी ओठांवर आलं, आणि ते आपल्या सोयीचं आहे हेही त्यांना कळलं. ते फार दमले होते. या एका दिवसाने नव्हे.

“सांग,” ते म्हणाले. “माझं नाव घेऊन सांग. सरांनी मनानं बनवून सांगितलं होतं म्हण.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्गात तेच सांगितलं. चार पानं, वाळवी, सगळं. बोलताना टेबलाची कड घट्ट धरली होती. मग मागून उत्तमने हात वर केला.

“सर, मंग परीक्षेत कोणतं लिवाचं?”

“पुस्तकातलं.”

एकतीस पेनं खाली झुकली, जुनी ओळ खोडली गेली, नवी लिहिली गेली. सव्वीस वर्षांचं ओझं खोडायला अर्धं मिनिट लागलं. सरांना हायसं वाटायला हवं होतं. नुसतंच रिकामं वाटलं.

तास संपल्यावर तृप्ती टेबलाजवळ आली. तिच्या वहीतली जुनी ओळ तशीच होती.

“आईले सांगतलं सर.”

सर हजेरीपट बांधत होते. दोरीची गाठ बसेना.

“रडली?”

“नाही. शेंगा सोलून राहिली होती, सोलतच राहिली. म्हणे, नाव येत नसते हे मले तवाबी माहीत होतं. पण सरांनी लिहून देलं होतं, तं एकडाव हाक मारून पाहू म्हटलं.”

सरांनी दोरी टेबलावर ठेवली.

“आणखी काही म्हणाली?”

“बाबांले नको सांगजो म्हणे,” तृप्ती म्हणाली. “त्याईले अजून वाटते, ती आपल्याच मनानं आली.”