तीन वाजता राजवाड्याचा माणूस येणार होता

मित्रांनो, बागेच्या मागच्या बाजूला अवजारांची पत्र्याची खोली आहे. तिथे गवत कापायच्या यंत्राच्या आड, भिंतीला टेकवून ठेवलेली एक घडीची खुर्ची तुम्हाला दिसेल. तीच मी. माझ्या मागच्या पट्टीवर पांढऱ्या रंगात एक्केचाळीस हा आकडा आहे. माझ्यासारख्या साठ जणी एकाच कारखान्यात एकाच आठवड्यात तयार झाल्या. बीच नावाच्या झाडाच्या लाकडाची चौकट, पितळी खिळे आणि हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांचे जाड कापड. कापड माझ्यावर ताणून ठोकणारा सुतार म्हणाला होता, "चौकट शंभर वर्षं टिकेल. कापड मात्र दर तीन वर्षांनी बदलायला पाहिजे." तो चांगला कारागीर होता. पण त्याचे हे बोलणे आमच्याबरोबर ब्रॅकनशॉपर्यंत आले नाही.

ब्रॅकनशॉ हे टॉवेलच्या गिरणीचे गाव. रविवारी गिरणी बंद असे आणि बागेतल्या गोल चौथऱ्यावर बँड वाजत असे. आम्हांला सांभाळणारे मिस्टर क्लेग सकाळीच गवतावर आमच्या रांगा मांडत. त्या काळी माझे फार कौतुक व्हायचे. माझ्यावर बसले की उठावेसे वाटत नाही, असे लोक म्हणत. मी कितीतरी तान्ही बाळे झोपवली, कितीतरी म्हाताऱ्यांना दुपारची डुलकी दिली. माणसाचे वजन अंगावर पडले की त्याचा दिवस कसा गेला आहे ते मला कळू लागले.

पुढे कापड विटले. मग वरच्या पट्टीपाशी, खिळ्यांच्या जवळ, ते कुजू लागले. क्लेगांनी नगरपालिकेला दोनदा पत्र लिहिले. दोन्ही वेळा "पुढच्या वर्षी पाहू" असे उत्तर आले. क्लेग दाभण आणि जाड दोरा घेऊन बसले आणि त्यांनी मला टाके घातले. "एवढा उन्हाळा काढ बाई," असे ते मला म्हणाले.

त्या उन्हाळ्यात लंडनला राजपुत्राचे लग्न होते.

आता एनिडबद्दल सांगते. एनिड हॉलरॉइड गिरणीत टॉवेलांच्या कडा शिवायची. वय बावन्न. लग्न झालेले नव्हते. घरी ती आणि तिची आई. तिच्या तीन मैत्रिणी होत्या. बेरिल तिच्याच खात्यात मुकादम होती, म्युरिएल गिरणीच्या कचेरीत टंकलेखन करायची आणि नोरा बेरिलची शेजारीण. चौघी दर रविवारी बँडजवळ बसत. तिघी बसत, असे म्हणणे जास्त खरे होईल. कारण एनिड बसली न बसली तोच बेरिल म्हणायची, "एनिड, चहा आण ना गं. तुझे पाय चांगले आहेत." एनिड उठायची. चहा आणला की साखर विसरलेली असायची, साखर आणली की नोराला बिस्किट हवे असायचे. तिला याचे काही वाटत नसे. आपल्याला तीन मैत्रिणी आहेत, हे ती आल्यागेल्याला सांगायची.

राजपुत्राचे लग्न ठरले तशी एनिड एका कापडावर भरतकाम करू लागली. चहाच्या ट्रेवर घालायचे पांढरे सुती कापड, त्यावर गुलाब आणि चारी बाजूंनी हाताने विणलेली लेस. ते तिने माझ्यावर बसून विणले. चार महिने लागले. तिला ते नवऱ्या मुलीला आहेर म्हणून पाठवायचे होते.

"राजवाड्यात ट्रे नसतील, त्यामुळं कापडाची अडचण होत असेल बिचाऱ्यांची," बेरिल म्हणाली.

एनिड हसली. "उगीच गं. आपलं मनाला वाटलं म्हणून."

एके दिवशी पार्सल तयार झाले. एनिडची गिरणीतली पाळी टपालघर बंद व्हायच्या वेळेपर्यंत होती. बेरिल म्हणाली, "दे माझ्याकडं. मी टाकते." एनिडने तिचे आभार मानले.

मित्रांनो, पुढचे सगळे माझ्यावर बसूनच ठरले, म्हणून मला ठाऊक आहे. एनिड चहा आणायला गेली होती. बेरिल तिच्या जागी, म्हणजे माझ्यावर, येऊन बसली आणि म्हणाली, "पार्सल माझ्याकडंच आहे. मांजर झोपतं त्याच्यावर."

नोरा खिदळली.

"आता तिला राजवाड्याचं पत्र यायला हवं," बेरिल म्हणाली. "म्युरिएल, तुझ्याकडं तो जाड कागद आहे ना, मालकांचा?"

"नको गं," म्युरिएल म्हणाली. "खरं वाटेल तिला."

"खरं वाटायलाच तर लिहायचं."

म्युरिएलला नाही म्हणायचे असावे असे मला वाटले. पण पुढच्या रविवारी ती पत्र टंकित करूनच घेऊन आली. तिने ते वाचून दाखवले. कापड अतिशय आवडले, असे त्यात होते. लग्नाच्या दिवशी दुपारी तीन वाजता ब्रॅकनशॉच्या बागेत राजवाड्याचा एक अधिकारी स्वतः येऊन आभार मानील, असेही होते. बेरिलने त्यात एक ओळ घालायला लावली: कृपया पांढरे हातमोजे घालावेत.

मी ऐकत होते. मला बोलता येत नाही.

पत्र आले त्या रविवारी एनिड माझ्यावर बसली तेव्हा मी तिला ओळखलेच नाही. ती दर वेळी पुढच्या कडेला बसायची, कुणीही उठवील अशी. त्या दिवशी ती पाठ टेकून बसली. तिने पत्र तिघींना दाखवले, मग बँडवाल्यांना, मग क्लेगांना.

"आई काय म्हणाली?" नोराने विचारले.

"आईनं दोनदा वाचून घेतलं माझ्याकडून," एनिड म्हणाली. "मग म्हणाली, तुझ्या हातून एक काम तरी धड झालं."

तिच्या आईने आयुष्यात तिला बरे म्हटले नव्हते, हे साऱ्या गावाला ठाऊक होते. म्युरिएल खाली वाकून बुटाची नाडी बांधू लागली. तिच्या बुटांना नाड्या नव्हत्या.

लग्नाचा दिवस उजाडला. सगळे गाव बागेत लोटले. झाडांना कागदी पताका, मोठ्या तंबूत चार टीव्ही, चौथऱ्यावर कर्णे. बायकांनी लांब टेबलांवर अंड्याची सँडविचेस, मांस भरलेल्या पेस्ट्र्या आणि जेली मांडली होती. खुर्च्या कमी पडल्या म्हणून क्लेगांनी मोडक्यासुद्धा बाहेर काढल्या. मला मांडताना त्यांनी वरची शिवण बोटाने चाचपली आणि मला मागे, झाडाखाली ठेवले. पण एनिडला माझीच सवय होती. तिने मला उचलून पुढे आणले, टेबलांच्या मध्ये, जिथून फाटक दिसत होते.

तिने निळा सूट शिवला होता. केस बांधून घेतले होते. हातात पांढरे मोजे होते. शेजारी चाकांच्या खुर्चीत तिची आई. आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होते, त्यामुळे तिला उजेड आणि सावल्या तेवढ्या दिसत.

"माणूस आला का?" आई दर पाच मिनिटांनी विचारी.

"तीनला येणार, आई."

"सरळ बस. तुला पोक आहे."

एनिड सरळ बसली. सकाळी दहापासून ती तशीच बसली होती. कर्ण्यातून लंडनच्या घंटा ऐकू आल्या, नवरी गाडीतून उतरली, लोकांनी टाळ्या वाजवल्या, काही बायका रडल्या. एनिड टीव्ही पाहायला तंबूत गेली नाही. सँडविचने हातमोजे खराब होतील म्हणून काही खाल्लेही नाही. येणारे-जाणारे तिला पाहून एकमेकांना कोपराने ढोसत होते. बेरिलने सगळ्यांना आधीच सांगून ठेवले होते. बागेत एनिड आणि तिची आई सोडली, तर मला वाटते एकट्या क्लेगांनाच ते ठाऊक नव्हते.

तीन वाजता फाटकातून एक उंच माणूस आत आला. लाल कोट, सोनेरी बटणे, डोक्यावर उंच टोपी. तो बेरिलचा दीर होता. दुसऱ्या गावी राहायचा आणि तिथल्या नाटक मंडळीत काम करायचा. एनिडने त्याला कधी पाहिले नव्हते. तो सरळ तिच्यासमोर येऊन थांबला. लोक जवळ सरकले.

"मिस एनिड हॉलरॉइड आपणच का?"

एनिड उठली. गुडघे वाकवून तिने नमस्कार केला. तो तिने घरी करून पाहिला असणार, कारण तो फार सुरेख झाला.

"होय साहेब."

"राजघराण्याच्या वतीनं मी ही भेट आपल्याला देत आहे," तो म्हणाला आणि त्याने रिबन बांधलेली एक पेटी पुढे केली.

"काय दिलं?" आईने विचारले.

"पेटी आहे, आई. उघडते."

तिने हातमोजे काढले, रिबन सोडली, झाकण उचलले. आत तिचेच कापड होते. गुलाब, लेस, सगळे तेच. त्यावर चहाचा एक डाग होता आणि मांजराचे पिवळे केस चिकटले होते.

एनिडने ते हातात घेऊन उलटसुलट पाहिले. तिला लगेच कळले नाही. आपले कापड परत का पाठवले असेल, एवढाच विचार ती करत असावी. मग तिने मान वर केली आणि बेरिलकडे पाहिले. बेरिलने रुमालाने तोंड दाबून धरले होते. नोराने तेही केले नव्हते. आधी त्या तिघी हसल्या, मग टेबलांपाशी बसलेले लोक, मग मागच्या रांगा. लाल कोटवाल्याने टोपी काढून चहूकडे अभिवादन केले.

एनिड धपकन माझ्यावर बसली.

आणि मी फाटले. मित्रांनो, हे मला सांगावेच लागेल. क्लेगांचे टाके एकामागून एक सुटले आणि कापड वरपासून खालपर्यंत उसवले. एनिड माझ्या चौकटीतून खाली गवतावर गेली. पाय वर अडकले, निळा स्कर्ट गुडघ्यांच्या वर सरकला. तिला उठता येईना. कापड तिच्या हातातच होते.

आता मघापेक्षाही मोठे हसू उठले. जे आधी हसले नव्हते, तेही हसले. कुणीतरी म्हणाले, "सिंहासन मोडलं." मग ते वाक्य तंबूपर्यंत जाऊन परत आले.

बेरिल, नोरा आणि म्युरिएल दोन हातांवर होत्या. म्युरिएलचे हसू थांबले होते. ती टेबलाची कड धरून उभी राहिली आणि तशीच राहिली. शेवटी क्लेग चौथऱ्याकडून धावत आले. त्यांनी आधी स्वतःचा कोट एनिडच्या पायांवर टाकला. मग माझी चौकट उघडून तिला बाहेर काढले.

"लागलं का बाई?"

"नाही. मीच नीट बसले नाही," एनिड म्हणाली.

"काय झालं?" तिची आई विचारत होती. "लोक का हसतायत? राणीनं काय पाठवलं?"

एनिडने कापडाची घडी घातली. "आभाराचं पत्र आहे, आई. फार छान लिहिलंय. घरी गेल्यावर वाचून दाखवते."

मला वाटले, आता तरी एवढ्यावर थांबेल. पण बेरिल उठली, चाकांच्या खुर्चीपाशी गेली आणि आईच्या कानाशी वाकली. तिने सगळे सांगितले, पार्सलापासून. हसत हसतच सांगितले, जणू त्या म्हातारीलाही गंमत कळायला हवी.

आईने ऐकून घेतले.

"तरीच," ती म्हणाली. "मला वाटलंच होतं."

एनिडने खुर्चीची मूठ धरली आणि आईला ढकलत फाटकाकडे नेले. बँडने पुढचे गाणे सुरू केले.

पुढच्या आठवड्यात मला नवे कापड मिळाले. क्लेगांनी नगरपालिकेला न विचारताच ते आणले. मला वाटले होते, एनिड आता बागेत येणार नाही. आली तर दुसऱ्या टोकाला बसेल. ती रविवारी आली. तिघींच्या जवळ येऊन उभी राहिली.

"रागावली नाहीस ना गं?" बेरिल म्हणाली. "गंमत होती."

"छे. गंमतच होती," एनिड म्हणाली. "मलाही हसू आलं नंतर."

मग ती चहा आणायला गेली.

तिच्याजवळ दुसरे कोण होते? मी खुर्ची आहे, तरी मला हे कळत होते. ती पुन्हा पुढच्या कडेला बसू लागली. बागेतली मुले मात्र एक नवा खेळ खेळायची. एकाने ताठ बसून फाटकाकडे पाहायचे, बाकीच्यांनी भोवती हसायचे. त्या खेळाचे नावच एनिड पडले होते. कधीकधी एनिड चार पावलांवर असताना मुले तो खेळत. ती हातातले कप सांभाळत त्यांच्या बाजूने जायची.

दोन वर्षांनी तिची आई गेली. त्यानंतरच्या वसंतात एका रविवारी एनिड आली नाही. पुढच्या रविवारीही नाही. गिरणीतून कळले की तिने राजीनामा दिला होता, घर रिकामे केले होते आणि पत्ता ठेवला नव्हता. तिघी तिच्या जाण्याबद्दल थोडा वेळ बोलल्या.

"सांगून तरी जायचं," नोरा म्हणाली. "इतक्या वर्षांची मैत्री."

मग चहा कुणी आणायचा यावरून त्यांचे वाजले. म्युरिएल उठली, पण चहाच्या टपरीकडे न जाता तशीच घरी गेली. ती पुन्हा कधी बागेत दिसली नाही. बेरिल आणि नोरा आणखी काही वर्षे येत होत्या.

नंतर बागेत प्लॅस्टिकच्या खुर्च्या आल्या. क्लेग निवृत्त झाले. जाताना त्यांनी माझी चौकट तेल लावून पुसली. त्यानंतर मला कुणी हात लावलेला नाही.

मित्रांनो, मला रंग द्या, नवे कापड द्या, असे मागायला मी एवढे सांगितले नाही. दिले तर बरेच वाटेल. पण मला दुसरेच काही मागायचे आहे. त्या दुपारी बागेत हसणारे सगळे दुष्ट नव्हते. कित्येक जण शेजारचा हसला म्हणून हसले. घरी गेल्यावर काहींना वाईटही वाटले असेल. एनिड गवतावर अडकली होती आणि क्लेग चौथऱ्यापासून धावत येत होते, तेवढ्या वेळात तिच्याभोवती चाळीस-पन्नास माणसे उभी होती. तुम्ही कधी अशा गर्दीत सापडलात, तर कोण हसतो आहे ते पाहत बसू नका. पुढे व्हा आणि हात द्या. मी लाकडाची होते, मला हलता येत नव्हते. तुम्हाला येते.