टीव्हीच्या पाठीतली डबी

"ही अक्षरं मुद्दाम बारीक करतात," हे माझ्या कानाशी पुटपुटले. "म्हणजे माणसाने वैतागून नवा टीव्ही घ्यावा."

मी नुसतं हूं केलं. अक्षरं चांगली बोटभर उंचीची होती.

तीन महिने आमच्याकडे सगळं खापर टीव्हीवर फुटत होतं. मी दोनदा पडदा पुसला, लेकीने त्याचा उजेड वाढवला. यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान. तिथून बायकांची नाजूक घड्याळं "पार्ट मिळत नाही" म्हणून परत जायला लागली होती. ज्या डोळ्यांवर पस्तीस वर्षं घर चाललं, त्यांच्याबद्दल ब्र काढायचा नाही, हे आम्ही न ठरवताच ठरवलं होतं.

रविवारी नणंद आली. तिच्या पर्समधून काडेपेटीएवढी काळी डबी निघाली.

"दादा, टीव्ही बदलू नकोस. पडदा ठणठणीत आहे, आतलं सॉफ्टवेअर म्हातारं झालंय. कंपनीही त्याला विचारत नाही आता. ही लाव, सगळं हीच चालवेल."

"एवढीशी?"

"मीही एवढीशीच होते. चालवलं की नाही तुला?"

ती मोबाइलचा उजेड पाडून टीव्हीमागे खटपट करत राहिली. डबी काही बसेना. "सरक," म्हणत यांनी हात मागे घातला. तोंड आमच्याकडेच. बोटांनी कड चाचपली, खाच शोधली आणि पहिल्याच खेपेला डबी टक्कन बसली. मी बघतच राहिले.

टीव्ही पापणी लवायच्या आत सुरू झाला. एरवी तो सुरू होईपर्यंत माझा चहा उकळून व्हायचा. नणंदेने सेटिंगमध्ये काहीतरी दाबलं आणि डबी बोलायलाच लागली. रिमोट जिथे जाईल तिथलं नाव वाचून दाखवायची. मग एक सिनेमा लागला. पडद्यावर कुणी बोलत नव्हतं, तरी एक शांत आवाज सांगत होता, "बाई जिना उतरते. शेवटच्या पायरीवर थांबते. पत्र न उघडता खिशात ठेवते."

हे पुढे सरकून बसले. बंद पडलेलं घड्याळ कानाशी धरावं आणि ते चालू लागावं, तेव्हा यांचा चेहरा जसा होतो, तसा झाला होता. मी डोळे मिटून पाहिलं. जिना होता. कुणी न सांगितलेला कठडासुद्धा होता.

"अगं बाई, काय दाबलं मी," नणंद म्हणाली. "ही आंधळ्यांसाठीची सोय आहे. थांब, बंद करते." आणि तिने जीभ चावली.

आवाज सांगतच होता, बाई रस्ता ओलांडते.

यांनी हात पुढे करून रिमोट तिच्याकडून हळूच काढून घेतला.

"राहू दे," हे म्हणाले. "टीव्हीला काही झालेलं नाही. मला दिसत नाहीये."