चित्रातल्या बाईची वामकुक्षी

जान्हवीने, माझ्या नातीने, ते चित्र आणलं तेव्हा मी आधी बाईचे पाय बघितले. जोडे खाली पडलेले, त्यातला एक उलटा. दीडशे वर्षांपूर्वीची कुणी परदेशी बाई. भर उन्हाळ्यात, दुपारचे पडदे ओढून कोचावर निजलेली. हातातला पंखा सुटून जमिनीवर. आता कुणासाठीही उठणार नाही, असा चेहरा.

मी कॅलेंडर काढून त्याच खिळ्यावर तिला लावलं.

ह्यांना ते खपलं नाही. विक्रोळीच्या कारखान्यातल्या रात्रपाळीपासूनची सवय; रिटायर होऊन बारा वर्षं झाली, तरी जेवलं की ह्यांची वामकुक्षी. तेवढा वेळ घरात भांडं वाजायचं नाही. साडेतीनला चहा हातात. मी कधी पाठ टेकली की मात्र, "लोळतंस काय गो?"

रविवारी धाकटे दीर जेवायला यायचे होते. "दशरथ येण्याआधी ते चित्र काढ," हे म्हणाले. "बाईमाणूस भिंतीवर लोळतंय, बरं दिसतं काय?"

"लोळत नाही ती."

"मग काय करते?"

मला पटकन सांगता येईना. शब्द सापडला तेव्हा माझाच मला राग आला. चाळीस वर्षं रोज कानावर पडत होता तो.

बासष्टाव्या वर्षी मी वर्गाला जाऊन अक्षरं शिकले. सरावासाठी स्वयंपाकघरातल्या सगळ्या डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या. 'साखर'चं 'साकर' झालं, तर हे आठवडाभर हसत होते. ह्या वेळी मी जुन्या वर्तमानपत्रावर क्ष गिरवून घेतला. तीन वेळा बिघडला. चौथ्यांदा जमला तेव्हा कागदाच्या पट्टीवर पूर्ण शब्द लिहिला आणि चित्राखाली चिकटवला. वामकुक्षी.

रविवारी दशरथभावजींनी तो मोठ्याने वाचला. "वहिनी, वामकुक्षी पुरुषांची असते."

"कुठे लिहिलंय? दाखवा. मला वाचता येतं आता."

भावजी हसून ह्यांच्याकडे बघायला लागले. त्या हसण्याने हे चिडले, ताटावरून उठले आणि उष्ट्या हाताने खिळ्याकडे निघाले.

"उतरवा," मी म्हटलं. "उद्यापासून मी दुपारी मसाला कुटायला घेते. खलबत्ता आहे अजून माझा."

हे थांबले. मग हात धुवायला मोरीकडे वळले.

जेवणं आटोपली. दोघे भाऊ आतल्या खोलीत आडवे झाले. मी भांडी तशीच ठेवली, बाहेरच्या खोलीत चित्राखाली चटई टाकली आणि पडले. झोप काही लगेच आली नाही. सवय नव्हती ना.

साडेतीनला आवाज आला, "चहा?"

मी डोळे उघडले नाहीत. परत आवाज आला, जरा चढलेला. मग पावलं स्वयंपाकघराकडे गेली. काडेपेटी वाजली, दोन-तीन झाकणं वाजली.

"अगो, साखर खंय?"

"डब्यावर लिहिलंय," मी डाव्या कुशीवरून न हलता म्हटलं. "साकर."