आणखी एकदा, हेल्मेटशिवाय

रेल्या हेल्मेट घालून आला, आणि तिथेच इस्क्राचं डोकं फिरलं.

हेल्मेट तरी कसलं? रस्ते खणणारे कामगार घालतात तसलं भडक नारिंगी. बेलग्रेडच्या नोवी बेओग्राद भागातल्या बंद पडलेल्या कामगार भवनाच्या राखाडी पायऱ्या, त्यावर ऑक्टोबरचं उतरतं ऊन, रेल्याचा आजोबाछाप तपकिरी कोट, सैल कॉर्डुरॉयची पँट. सगळं इस्क्राने मनात योजलं होतं तसं जमून आलेलं, आणि मधोमध हा नारिंगी भोपळा.

"हे काय घातलंयस? पुलाचं काम मिळालं का कुठे?"

पोरं खिदळली. रेल्याही हसला. बावीस वर्षांचा पोरगा. त्याला स्वतःवर हसलेलं कधी लागायचं नाही.

"आईने शपथ घातलीये. वसंतात डोकं आपटलं ना, तेव्हा डॉक्टर म्हणाला, पुन्हा आपटलं तर मला विचारू नका. आईने दुसऱ्याच दिवशी हे आणलं. दुकानात हा एकच रंग होता म्हणे."

"आई इथे आहे का?"

"ती काय, समोर," रेल्याने रस्त्यापलीकडच्या बेकरीकडे बोट दाखवलं. "तिला पाठीनेही दिसतं."

त्या बेकरीत स्लावित्साकाकू गल्ल्यावर असायची. दुपारनंतर उरलेला पापुद्र्यांचा, सारण भरलेला बुरेक कागदात गुंडाळून ती या पोरांना द्यायची आणि वर चार शिव्याही द्यायची. स्केटबोर्डवरून पायऱ्यांवर उड्या मारणाऱ्या अख्ख्या टोळीची ती काकू होती. रेल्या मात्र तिचा एकुलता एक.

इस्क्राचा ब्रँड होता 'तालोग'. तालोग म्हणजे कॉफीच्या कपाच्या तळाशी राहतो तो गाळ. झेमुनमधल्या एका गॅरेजात तिने आणि तिच्या भागीदाराने, गाव्रिलोने, तो सुरू केला होता. एका सुताराकडून स्केटबोर्डसाठी मेपलच्या पातळ थरांच्या फळ्या दाबून आणायच्या, त्यांच्या खालच्या बाजूला इस्क्राने चित्रं छापायची. टीशर्ट, टोप्या, पँटी. मोठ्या कंपन्यांचे स्केटबोर्ड चॉकलेटच्या चांदीसारखे चमचमायचे, तालोगचे मात्र राखाडी, काळे, कॉफीच्या रंगाचे. "आपल्या शहराचा जो रंग आहे तोच आपला," असं इस्क्रा म्हणायची. आणि ते लोकांना पटलंही होतं. बर्लिनपासून लिऑंपर्यंत ज्या दुकानांत कपड्यांची जाण असलेली पोरं जातात, तिथे तालोगचं नाव निघू लागलं होतं. आता पहिली मोठी फिल्म व्हायची होती. तिच्यातली शेवटची उडी रेल्याची.

"घालून मारतो," रेल्या म्हणाला. "बघ तर."

त्याने मारली. लांबून धावत आला, फळीवर चढला, पायऱ्यांच्या कडेला पोचताच फळीला असा झटका दिला की ती हवेत स्वतःभोवती गिरकी घेऊन पुन्हा त्याच्या पायांखाली आली. खाली उतरला तो सरळ, गुडघे जरासे वाकवून, जणू बसमधून उतरतोय. पोरांनी आरडाओरडा केला. गाव्रिलोने त्याला उचलून घेतलं.

इस्क्राने कॅमेऱ्यात पुन्हा पाहिलं. उडी बिनचूक होती. तिला फक्त नारिंगी दिसलं.

"आणखी एकदा," ती म्हणाली. "हेल्मेटशिवाय."

"अगं, झाली की!" गाव्रिलो म्हणाला. "याहून चांगली कुठून येणार?"

"याला तू चांगली म्हणतोस? सर्कशीतली वाटते. वर्षभर घाम गाळलाय मी या फिल्मसाठी." मग रेल्याकडे वळून, "काढ रे ते. ऊन चाललंय."

रेल्याने एकदा बेकरीकडे पाहिलं. काचेआड गिऱ्हाइकांची रांग होती. त्याने हनुवटीखालचा पट्टा सोडवला आणि हेल्मेट इस्क्राच्या हातात दिलं. तिने ते कोपरात अडकवलं आणि कॅमेरा डोळ्याला लावला.

या वेळी फळी पायांखाली आली, पण किंचित तिरकी. चाक दगडाच्या फटीत गेलं, फळी निसटली आणि रेल्या पाठीवर पडला. डोकं शेवटच्या पायरीच्या कडेवर आपटलं. आवाज फारसा झाला नाही. तो उठून बसला. डोक्यामागे हात फिरवला, रक्त नव्हतं.

"पाहिलंत? भोपळा नव्हता म्हणून तोल गेला," तो म्हणाला, आणि सगळे हसले. इस्क्राही हसली.

पुन्हा मारतो म्हणाला. मग म्हणाला, जरा बसतो. सिगारेट अर्धी झाली असेल नसेल, तोच त्याने बुटांवर ओकारी केली. गाव्रिलोने नाव विचारलं तर जीभ अडखळली. कुणीतरी फोन करून अँब्युलन्स बोलावली, कुणीतरी बेकरीकडे धावलं.

स्लावित्सा हॉस्पिटलात आली ती बेकरीच्या एप्रनवर, मनगटापर्यंत पीठ. रेल्याला आत नेलं होतं. तिने आधी कुणालाच काही विचारलं नाही. इस्क्राच्या कोपरात हेल्मेट तसंच अडकलेलं होतं, तिच्या लक्षातही नव्हतं. स्लावित्साने ते काढून घेतलं. सगळ्या बाजूंनी फिरवून पाहिलं, अंगठ्याने पुसून पाहिलं. एक ओरखडा नव्हता. मग तिने ते पिशवीत घातलं, पिशवीची चेन लावली आणि बाकावर जाऊन बसली.

रेल्या शुद्धीवर आलाच नाही. दोन दिवसांनी डॉक्टरांनी यंत्रं काढली.

त्याच्या इमारतीच्या दारावर, बेकरीच्या काचेवर, पायऱ्यांजवळच्या झाडांवर त्याच्या निधनाचे काळ्या चौकटीचे कागद लागले. पोरांनी पायऱ्यांवर मेणबत्त्या लावल्या, त्याच्या नावाने राकिया दारू ओतली. गाव्रिलो रात्ररात्र रडला. ते रडणं खरं होतं, हे इस्क्रा पुढेही कधी नाकारणार नव्हती. पण रडून झाल्यावर तो म्हणाला, "त्याच्या नावाची फळी काढायला हवी. सगळे काढतात. नाही काढली तर लोक म्हणतील, विसरले."

इस्क्राने त्याचा चेहरा काढला. हाताला काम हवं होतं. डोळे बारीक करून हसणारा रेल्या, मागे राखाडी पायऱ्या. चित्र सुरेख उतरलं. तिच्या हातून इतकं चांगलं काही याआधी उतरलं नव्हतं. फळ्या आल्या आणि गेल्या. पुन्हा दाबून आणल्या, त्याही गेल्या. टीशर्ट गेले. ज्या देशांत तालोगचं नावही पोचलं नव्हतं तिथून मागणी येऊ लागली. गॅरेजात पाय ठेवायला जागा राहिली नाही. संध्याकाळी शाईचे हात धुताना इस्क्राच्या मनात यायचं, जिवंतपणी याने आपलं इतकं भलं केलं नव्हतं. मग ती नळ आणखी जोरात सोडायची.

मृत्यूनंतरच्या चाळिसाव्या दिवशी, प्रार्थनेसाठी सगळे बेझानियाच्या कब्रस्तानात जमले. नोव्हेंबर संपत आलेला, वारा हाडात शिरणारा. स्लावित्साने थडग्यावर मेणबत्त्या लावल्या, शिजवलेल्या गोड गव्हाचं ताट सगळ्यांपुढे फिरवलं. प्रत्येकाने चमचाभर खाल्ला. पाद्रीबाबा प्रार्थना म्हणून निघून गेले, म्हाताऱ्या बायका पाठोपाठ गेल्या. उरली ती पोरं.

गाव्रिलोने सकाळीच सगळ्यांना टीशर्ट वाटले होते. स्वेटरांवरून चढवलेले, जॅकेटं उघडी. स्लावित्सा ताट घेऊन वळली आणि तिच्यापुढे दहाबारा रेल्या ओळीने हसत उभे राहिले.

तिने एकेका टीशर्टवरून नजर फिरवली.

"हे दुकानातही मिळतात?" तिने विचारलं.

"मिळतात, काकू," गाव्रिलो पुढे झाला. "जगभर जातात. जपानातसुद्धा. जपानातली पोरं घालतात आपल्या रेल्याला."

"बरं." तिने हातातलं ताट सावरलं. "मला एकच सांगा. माझ्या पोराने डोक्यावरचं का काढलं?"

गाव्रिलोने घसा साफ केला. "त्याचं त्यानेच काढलं, काकू. तुम्हाला ठाऊक आहे, कसा होता तो. कुणाचं ऐकायचा का?"

"सगळ्यांचं ऐकायचा," स्लावित्सा म्हणाली. "लहानपणापासून. शेजारच्या पोरांनी सांगितलं म्हणून साबण खाल्ला होता त्याने. म्हणून तर मी शपथ घातली. नुसतं सांगून भागलं असतं तर शपथ कशाला घातली असती?"

इस्क्राच्या तोंडात गव्हाचे दाणे तसेच होते. तिने ते कसेबसे गालात सरकवले.

"मी सांगितलं," ती म्हणाली. "मी म्हटलं, काढ. म्हणून काढलं त्याने."

गाव्रिलोने तिचं मनगट धरलं. तिने सोडवून घेतलं. स्लावित्साचा चेहरा हलला नाही. ताट तिने थडग्याच्या कडेवर ठेवलं आणि जवळ आली. ओरडेल, थोबाडीत देईल, असं सगळ्यांना वाटलं. इस्क्राला तर तेच हवं होतं.

स्लावित्साने तिच्या छातीवरच्या चेहऱ्याला बोट लावलं.

"काढ," ती म्हणाली.

इस्क्राने कोट उतरवला. टीशर्ट डोक्यावरून ओढून काढला. आत स्वेटर नव्हता, पातळ बंडी होती. वाऱ्याने दंडांवर काटा आला. स्लावित्साने टीशर्ट घेतला, चेहरा आत जाईल अशी घडी घातली. मग पुढच्या पोराकडे पाहिलं. त्यानेही काढला. मग त्याच्या शेजारच्याने. एकेक करून सगळ्यांनी. ती प्रत्येकाची नीट घडी घालून पिशवीत ठेवत गेली. फक्त गाव्रिलोने जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढून घेतली आणि तो जमिनीकडे बघत राहिला. त्याच्यापुढे ती थांबलीसुद्धा नाही.

त्या दिवसानंतर गॅरेजात दोघांचं धड बोलणं राहिलं नाही.

"तू बोललीस, तुझं मन हलकं झालं," गाव्रिलो म्हणाला. "तिला काय मिळालं? आधी नशिबाला बोल लावत होती, आता तुला लावेल. झोप लागेल का तिला त्याने?"

"छापणं थांबव, गाव्रिलो."

"थांबवून तो परत येणार आहे? निदान लोकांच्या पायांखाली तरी..."

"तेच!" इस्क्रा ओरडली. "पायांखाली! त्याच्या तोंडावर उभे राहतात लोक. कठड्यावर घासतात त्याला. महिन्याभरात नाक जातं, मग डोळे. मला काढतानाच कळायला हवं होतं."

"फळी घासायलाच असते," गाव्रिलो शांतपणे म्हणाला. "रेल्यालाही हेच आवडलं असतं."

कदाचित खरंच आवडलं असतं. म्हणूनच इस्क्राला आणखी राग आला. तिने छपाईच्या चौकटी नळाखाली धरल्या आणि रेल्याचा चेहरा रसायनाने घासून घासून धुऊन काढला. गाव्रिलोने अडवलं नाही. चित्र कॉम्प्युटरमध्ये होतंच. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या छापखान्यातून नव्या चौकटी आल्या, आणि इस्क्राने किल्ली टेबलावर ठेवून गॅरेज सोडलं.

फिल्म जानेवारीत आली. गाव्रिलोने एकट्यानेच जोडली. शेवटी रेल्याची ती पहिली उडी घातली होती, दुसरी घालणं शक्यच नव्हतं. इस्क्रा तेव्हा पांचेवोतल्या एका कारखान्यात दह्याच्या डब्यांची लेबलं बनवत होती. जेवणाच्या सुट्टीत तिने ती फोनवर पाहिली. सगळी फिल्म करडी, धुरकट, आणि अगदी शेवटी राखाडी पायऱ्यांवरून तो नारिंगी ठिपका झेपावतो, हवेत थांबल्यासारखा होतो, खाली येतो. लोक वेडे झाले. कुणीतरी लिहिलं, एवढा धाडसी रंग कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. बर्लिनची पोरं नारिंगी हेल्मेटं शोधू लागली.

इस्क्राने ती उडी पुन्हा पुन्हा पाहिली. ती सुंदर दिसत होती. तो रंग तिथे हवाच होता. ज्या नजरेचा तिला आयुष्यभर गर्व होता, ती नजर त्या दिवशी चुकली होती, आणि त्या चुकीपायी पोरगा गेला. तिने फोन पालथा घातला. समोरचं सूप तसंच निवून गेलं.

मार्चमध्ये ती स्लावित्साकडे गेली. बेकरी तिने केव्हाच सोडली होती. काचेतून पायऱ्या दिसायच्या, ते सोसेना. घर नवव्या मजल्यावर, लिफ्ट बंद. इस्क्राने बेल वाजवली. दार साखळीएवढं उघडलं.

"मी तालोग सोडलं, काकू. तेच सांगायला आले."

"सोडलंस तर सोडलंस. मला त्याचं काय?"

"काही नाही. नुसतं..."

"माफी हवीये का तुला?" स्लावित्साचा आवाज चढला नव्हता. "माझ्यापाशी नाहीये गं पोरी. असती तर देऊन टाकली असती, मी तरी ठेवून काय करू? शोधली मी. चर्चमध्येसुद्धा जाऊन बसले. नाही सापडली."

आत रेडिओवर कुणी हवामान सांगत होतं, सावा नदीचं पाणी चढतंय म्हणत होतं.

"एक विचारते," स्लावित्सा म्हणाली. "पोरं सांगतात, पहिली उडी त्याने मारली होती. नीट."

"हो."

"डोक्यावर असताना."

"हो."

"मग पुन्हा कशाला मारायला लावलीस?"

जिना चढताना इस्क्राने खूप काही जुळवलं होतं. ऊन चाललं होतं, वर्षभराचं काम होतं, दुकानं वाट बघत होती. त्यातलं एकही आता तोंडात येईना.

"चांगलं दिसत नव्हतं," ती म्हणाली.

स्लावित्साने साखळीच्या फटीतून तिच्याकडे पाहिलं. तिच्या पायांतले बूट, अंगावरचा जुना करडा कोट, गळ्याभोवती दोन वेढे घेतलेला मफलर. सावकाश, खालपासून वरपर्यंत, माणूस दुकानातल्या काचेकडे पाहतो तसं.

"आता जा," ती म्हणाली, आणि दार लावलं.

आतून कुलूप फिरल्याचा आवाज आला. इस्क्रा नऊ मजले उतरून खाली आली, पांचेवोची बस लागली होती, तिच्यात चढली. संध्याकाळची पाळी होती. दह्याची नवी लेबलं आली होती, ती तिलाच तपासायची होती.