शरयूबाईंची नक्कल

शरयूबाई मोघ्यांचं गाणं ऐकलं नाही असं मराठी घर ग्वाल्हेरच्या लष्कर भागात शोधून सापडलं नसतं. अठ्ठेचाळीस साली, संस्थान मध्यभारत या नव्या राज्यात विलीन झालं त्याच उन्हाळ्यात, त्यांच्या तोंडाची उजवी बाजू लुळी पडली. शब्द ओठांतून निसटू लागले. दोन वर्षं त्या घराबाहेर पडल्या नाहीत. गालाला तळवा लावून ओठ सावरायचा आणि मग तान घ्यायची, असं त्या नव्यानं गायला शिकल्या. पुढे तो हातच लोकांच्या ओळखीचा झाला. रेकॉर्डच्या पाकिटावर फोटोही तसाच छापला गेला.

छपन्न सालच्या गणपतीत त्यांची शिष्या लीला शिकवणीला आली ती खाली मान घालून.

"बाई, नवा सिनेमा लागलाय ना, तो तुम्ही बघू नका."

शरयूबाई दुसऱ्याच दिवशी दुपारच्या खेळाला गेल्या. पडद्यावर एक गाणारी बाई होती, सरजूबाई नावाची. नाकात त्यांच्यासारखीच नथ, वाकडं तोंड, गालावर हात. ती बेसूर ओरडायची आणि शेजारचं कुत्रं रडायला लागायचं. थिएटर हसत होतं. मागून कुणीतरी म्हणालं, "अरे, ये तो अपनी शरयूबाई हैं." शरयूबाईंनी पदर पुढे ओढला आणि खेळ संपेपर्यंत बसून राहिल्या. मधेच उठल्या असत्या तर लोकांनी ओळखलं असतं.

जयेंद्रगंजात रमाकांत वकिली करायचा. शरयूबाईंच्या यजमानांच्या मित्राचा मुलगा. त्यानं सगळं लिहून घेतलं आणि पेन खाली ठेवलं.

"काकू, नाव तुमचं नाही. आवाज तुमच्या रेकॉर्डचा नाही. चेहरा त्या नटीचा आहे."

"पण तोंड माझं आहे रे."

"ते मला दिसतंय. कायद्यात कुठे बसवू? अब्रुनुकसानी म्हणावी, तर आधी ती बाई म्हणजे तुम्हीच, हे आपल्याला कोर्टात सिद्ध करावं लागेल."

"म्हणजे भर कोर्टात गालाला हात लावून दाखवायचा?"

रमाकांतनं पेन पुन्हा उचललं. त्यानं मुंबईच्या सिनेमा कंपनीला नोटीस धाडली. महिन्याभरानं उत्तर आलं: सदर महिलेचं नाव आम्ही कधी ऐकलेलं नाही. आमच्या विनोदी पात्रात त्यांना स्वतःचं रूप दिसत असेल, तर तो त्यांचा समज आहे. शरयूबाईंनी ते दोनदा वाचलं. नाव ऐकलेलं नाही, हेच त्यांना जास्त लागलं.

मग खेळ थांबवावा म्हणून सरकारकडे अर्ज केला. पण एक नोव्हेंबरला मध्यभारत हे राज्यच उरलं नाही, राजधानी भोपाळला गेली, आणि कचेऱ्यांतली कपाटं ट्रकांवर चढू लागली. रमाकांत चौकशीला गेला तेव्हा कारकून म्हणाला, "वकीलसाब, काग़ज़ तो भोपाल गया." सिनेमा अकरा आठवडे चालला.

डिसेंबरात दरवर्षीची गाण्याची बैठक होती. शरयूबाईंनी यमन सुरू केला. बराच वेळ त्यांनी हात मांडीवर घट्ट धरून ठेवला, तेव्हा शब्द फाटून बाहेर पडू लागले. शेवटी नाइलाजानं तळवा गालाशी गेला. पुढच्या सतरंजीवर दोन मुली फसकन हसल्या, आणि आईनं त्यांना दटावलं. दटावणाऱ्या आईच्या तोंडावरही हसू होतं. शरयूबाईंनी सम गाठली, नमस्कार केला आणि तंबोरा लीलाच्या हाती दिला. लोकांना वाटलं, बाईंना बरं नाही.

उन्हाळ्यात भोपाळहून पत्र आलं. रमाकांत ते घेऊन घरी आला.

"काय म्हणतात?"

"सिनेमा आता ग्वाल्हेरात चालू नाही, म्हणून प्रकरण बंद केलंय."

"पुन्हा लागला तर?"

"तर पुन्हा अर्ज करावा लागेल, काकू. नव्या सरकारच्या नमुन्यात."

शरयूबाईंनी पत्राची घडी करून ते त्यालाच परत दिलं. त्या वर्षीच्या बैठकीचं बोलावणं आलं, तेव्हा त्यांनी लीलाचं नाव कळवलं.