उवांच्या कंपनीतली पहिली भरती

घरोघरी जाऊन मुलांच्या डोक्यातल्या उवा काढून देणारी कंपनी काढायची, ही कल्पना वहिनींची. मुलांच्या वॉर्डातली नर्सची नोकरी सोडून त्या मोकळ्या झाल्या होत्या. कंपनी कशी चालवतात ते मात्र त्यांच्या दिराला ठाऊक होतं. निदान त्याचं तसं म्हणणं होतं. औषधाच्या दुकानावरची खोली भाड्याने घेऊन त्याने भिंतीवर फळा टांगला आणि किती माणसं लागतील ते मांडायला घेतलं. सगळ्यात वर विस्तारप्रमुख, त्याखाली ग्राहकानुभवप्रमुख, मग जाहिरातवाला.

"भावजी, उवा कोण काढणार?"

"ते बाहेरून करून घेऊ."

वहिनींनी फळा पुसला. त्यांचा अंदाज वॉर्डातला: एक बाई कामावर, एक रजेवर, एक रजेवरून येऊन आजारी आणि एक नुसतीच रुसलेली. म्हणजे एका कामाला चौघी. दिराने कपाळाला हात लावला. एवढ्या बायका त्या खोलीत उभ्यासुद्धा राहिल्या नसत्या.

शेवटी एका डोक्याला किती वेळ लागतो ते करूनच बघायचं ठरलं. औषधवाल्याच्या जुळ्या मुलींना समोर बसवलं. एक पळायची, दुसरी चावायची. दुपार सरली तरी एकच डोकं झालं, तेही निम्मं.

"डोक्यामागे दोघी हव्यात," दीर चावलेलं बोट चोळत म्हणाला. "एक काढायला, एक धरायला."

कंपनीचा पहिला खरा आकडा तो.

जाहिरात दिली. मुलाखतीला आलेल्या पहिल्या बाईंना उवांची किळस यायची. दुसऱ्या बाईंनी हे काम घरी बसून करता येईल का, असं विचारलं. तिसरी दारात उभी राहिली आणि वहिनी नकळत खुर्चीतून उठल्या. निवृत्त मेट्रन. चादरीला सुरकुती दिसली तरी अख्ख्या वॉर्डासमोर सोलून काढणारी. वहिनींनी नोकरी सोडली ती हिच्याचपायी.

वहिनी बळेच परत बसल्या. असा दिवस उगवावा म्हणून त्यांनी किती मांडे खाल्ले होते मनातल्या मनात.

"अनुभव किती?"

"तुला सुई धरायला शिकवली, तेवढा."

"वरिष्ठांचं ऐकून घ्यायची सवय आहे?"

"वरिष्ठ भेटला तर लावून घेईन."

दिराला हसू आवरेना. "करून दाखवा की," तो म्हणाला. जुळ्या मुली जिन्याची पायरी चढायला तयार नव्हत्या, म्हणून मेट्रनने वहिनींचाच अंबाडा सोडला. फणी एकदा फिरली आणि थांबली.

"अगं, तुझ्याच डोक्यात बाजार भरलाय."

वहिनी लाजेने लाल झाल्या. दिराने डोक्याकडे गेलेला हात गुपचूप खाली घेतला. पण मेट्रनने बघितलं होतं. "हिच्यानंतर तू," ती त्याला म्हणाली. "आणि बाकीच्या बायका मी निवडीन. तुम्हाला माणसं ओळखता येत नाहीत. मुलांना धरायला हा चालेल, रिकामाच दिसतोय."

'नंतर कळवतो' हे वाक्य वहिनींच्या ओठावर होतं. पण फणी सराईतपणे कानामागून मानेकडे उतरत होती, कितीतरी दिवसांची खाज शमत होती, आणि रागावण्यासाठी आधी हिला थांबवावं लागलं असतं.

"मान खाली," मेट्रन म्हणाली.

वहिनींनी घातली.