दारावरनं चहाशिवाय

चंद्रभागाआत्याला रायगड दाखवायचा म्हणून मी मुंबईहून भाड्याची मोटारहोम घेऊन तिच्या गावी, कापड्याला गेलो. आत गॅस, पलंग, मोरी बघून ती म्हणाली, “अरे दीपेश, हे तर घरच हाय!”

तिथंच घात झाला. घराच्या दारावरनं ओळखीचं माणूस चहाशिवाय गेलेलं आत्याला चालत नाय. पोलादपूर येईपर्यंत रस्त्यात दिसेल त्याला तिनं आत बसवलं. महाडात तर तिच्या पुतण्याच्या सासरची माणसं भेटली.

“आता कुणाला बोलावलंस तर बघ!” मी ओरडलो. आत्यानं चहाचं पातेलं पालथं घातलं.

पायथ्याशी पोचलो तेव्हा अंधारलं होतं. रखवालदारानं काच वाजवली. “गड बंद झाला. गाडी काढा.”

आत्या नुसती माझ्याकडं बघत राहिली.

मी दार उघडलं. “काका, आत या. दूध संपलंय, कोरा चालेल ना?”